जीपचा सत्कार

हे लिहिणारच नव्हतो. भय्याजी अजून आमचे म्यानेजर आहेत, अन् मी अजून त्याईच्याच ऑफिसात टायपिस्ट. पण सुखराम माझा दोस्त आहे.

पोलादाच्या कारखान्यात भट्टीचं बांधकाम जोरात चालू होतं, तेव्हाची गोष्ट. आमच्या ठेकेदाराच्या कंपनीनं मजुरांच्या झोपड्यांत जाऊन दवापाणी करायले एक टीम ठेवली होती. टीम म्हणजे रत्नमाला सिस्टर, चंपत कंपाउंडर अन् एक जीप. जीप चंपतच चालवे. दिल्लीचे पाहुणे येणार म्हणून भय्याजीनं टीमचा सत्कार ठेवला. सिस्टर अन् चंपत सकाळपासून मांडवात खुर्चीवर. जीपले झेंडूच्या माळा, दोन्हीकडे केळीचे खांब, बॉनेटले हळदकुंकू. समोर आडवी लाल फीत. नवरीले कोणी इतकं सजवत नाही.

दुपारी सुखराम रुआबांध्याच्या मजूर बस्तीतून सायकल हाणत आला. त्याच्या बायकोले, नलूले, कळा सुटल्या होत्या. पोर पायाळू येऊन राहिलं होतं, अन् सुईण म्हणे हे आपल्या हातचं नाही. भय्याजी माइक ठोकून पाहून राहिले होते.

सिस्टर उठल्या. भय्याजीनं बसवलं. जीप हलवली तर माळा तुटतील, फीत पाहुण्याईनंच कापायची आहे, अन् पाहुणे दुर्ग स्टेशनवरून निघालेच आहेत, असं गोडीत समजावलं. सुखरामलेही एक खुर्ची द्यायले लावली. सुखराम बसला नाही.

"साहेब, बाई मरून राहिली तिकडे."

"अरे, मग तुमच्यासाठीच तर चालू आहे हे सगळं."

सिस्टर पुन्हा उठल्या. पदर खोचला, पिशवी घेतली, अन् सुखरामच्या सायकलच्या कॅरिअरवर बसल्या. चंपत मागून पळत सुटला.

पाहुणे आले. फीत कापली. दवाखान्याबाहेर जाऊन सेवा करणाऱ्याईवर चांगलं लांब भाषण ठोकलं. मग शाल हातात घेऊन पाहतात, तर दोन्ही खुर्च्या रिकाम्या. पण भय्याजी कच्चे नाहीत. त्याईनं शाल बॉनेटवर पांघरली, नारळ सीटवर ठेवला. टाळ्या पडल्या. फोटो निघाला. फोटोत जीप मोठी समाधानी दिसते.

इकडे नलू वाचली. पोरगी झाली, तीही वाचली. सिस्टर अन् चंपतले स्वतःच्या सत्काराले गैरहजर राहिल्याचा मेमो मिळाला. भय्याजीले मात्र कार्यक्रम इतका आवडला, की आता दरसाल करायचं ठरलं आहे.

बारशाच्या दिवशी सुखरामनं मले बाजूले घेतलं.

"पुढच्या सत्काराची तारीख मले आधी सांगजो गा."

कावून, म्हणून विचारलं.

"बस्तीत सांगून ठेवतो. त्या दिवशी कोणी बिमार पडू नका म्हणून."

हसला नाही तो. मी त्याले शब्द दिला, तारीख ठरली की पहिले तुलेच सांगीन.