विहीणबाईंना कळू द्यायचं नाही

वैष्णवीला ऑपरेशनला आत नेलं आणि तिची आई कस्तुराबाई बाकड्यावर मटकन बसली. लेकीच्या कळांपायी तिच्याही डोळ्याला डोळा लागला नव्हता.

परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "पित्ताशयात खडे आहेत, सूज वाढलीय. पाचवा महिना आहे, आत्ताच काढलेलं बरं. थांबलो तर दोघांच्या जिवाला धोका."

जावई आदिनाथ ऊसतोडीला गेलेला. त्याचं एकच, घरचे म्हणतील तसं. म्हणून कस्तुराबाईनं राणीसावरगावला लेकीच्या सासूला, नर्मदाबाईंना, फोन लावला होता.

"पोटुशीच्या पोटाला सुरी? आमी नको म्हनलं की नको! लेकराला कायी झालं तर तिला हिकडं धाडूच नका," नर्मदाबाई कडाडल्या. मागं व्याही आप्पारावांचं खाकरणं ऐकू येत होतं. "कोनत्या दवाखान्यात हाय म्हनलात?"

कस्तुराबाईनं नाव सांगितलं, फोन ठेवला आणि कागदावर अंगठा उठवला. कुणाकुणाचं ऐकायचं? लेक तिची होती.

ऑपरेशन नीट झालं. बाळाचे ठोकेही चांगले होते. कस्तुराबाईला रडायचंही त्राण उरलं नव्हतं. नर्सनं एक डबा पुढं केला, "मावशी, खाऊन घ्या. कुणीतरी ठेवून गेलंय."

आत मुगाची खिचडी होती. शेजारच्या खाटेवाल्यांनी दिली असणार, असं समजून तिनं ती उभ्याउभ्याच खाल्ली. डब्याची कडी तुटलेली, तिथं तांबडा दोरा बांधलेला. परत द्यायला गेली तर शेजारची खाट रिकामी. डबा तसाच तिच्या घरी, वालूरला आला आणि फळीवर मागं जाऊन पडला.

ऑपरेशनचा पत्ता तिनं कुणाला लागू दिला नाही. पण सातव्या महिन्यात ओटी भरायला विहीण-व्याही आलेच. हिरवी साडी नेसवायचा मान सासूचा. पोटावरच्या चार खुणा लपवायच्या तरी कुठं?

"मीच नेसवते की," कस्तुराबाई आडवी आली.

नर्मदाबाईंनी तिला बाजूला सारलं, बाकीच्या बायांना बाहेर काढलं आणि दार लोटलं. आत तिघीच उरल्या. वैष्णवीचा पदर सरला. नर्मदाबाई एकेक खूण बघत राहिल्या. बाहेर आप्पाराव खाकरले.

कस्तुराबाईनं हात जोडले. "ईनबाई, चूक माझी हाय. पोरीला टाकू नका..."

"हळू बोला की," नर्मदाबाई कुजबुजल्या. "आन् तांबड्या दोऱ्याचा माझा डबा तेवढा द्या. घरी हे रोज इचारायलेत."