नऊ सेकंदांचा फेटा

"माझी कुस्ती कुठं गेली, साहेब?"

कडूबाने आजचा पेपर अनंतरावांच्या टेबलावर आपटला. कपातला चहा बशीत सांडला. पासष्टीचा हा पाचोडचा पहिलवान उन्हात एस.टी.ने येऊन थेट पेपरच्या कचेरीत घुसला होता. कान मोडलेले, खांदे अजून दारात मावत नव्हते.

अनंतराव गालात हसले. औरंगाबादच्या त्या पेपरात ते तीस वर्षं 'आजच्या दिवशी' हे खेळाचं सदर लिहीत होते. जगाच्या पाठीवर कोणी गोल केला, कोणी शतक ठोकलं, कोण किती लांब उडी मारून पडलं, ते त्या त्या तारखेला सहा ओळींत यायचं. तीस वर्षांत 'चूकभूल'ची चौकट छापायची पाळी त्यांच्यावर एकदाही आली नव्हती. ही गोष्ट ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगत, आणि शेजारचे बिचारे उठता येत नाही म्हणून ऐकत.

दरवर्षी अकरा एप्रिलला त्या सदरात एक ओळ घरची असे. '१९५८ : पाचोडच्या जत्रेत फकिरा याने कडूबा यास अवघ्या नऊ सेकंदांत चीत केले.' वर्षभराच्या नोंदींत त्यांनी स्वतः जागेवर जाऊन मिळवलेली तेवढीच. तिचा त्यांना फार अभिमान होता. यंदा मात्र एक विलायती फुटबॉलचा सामना आत आला आणि पाचोड बाहेर गेलं.

"आभार मानायला एवढ्या लांब कशाला आलात, पहिलवान?" अनंतराव म्हणाले. "इतकी वर्षं तुमच्या हरण्याची दवंडी पिटली आम्ही. यंदा सुटलात. बसा, चहा मागवतो."

"चहा ऱ्हाऊ द्या. ती ओळ छापा."

"कुठली? तुम्ही हरल्याची?"

"व्हय. तीच."

मग कडूबाने खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. फकिरा कुस्तीच्या वर्षीच लग्न करून अजिंठ्याला घरजावई म्हणून गेला. दिवाळीपासून अर्धांगानं अंथरुणाला खिळला होता. अकरा एप्रिलला नात पेपर आणायची आणि घरादारासमोर ती ओळ मोठ्यानं वाचायची. आज तिनं पेपर दोनदा चाळला. ओळ नाही म्हटल्यावर म्हाताऱ्यानं भिंतीकडं तोंड केलं. सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. त्याच्या पोराचा पाचोडच्या दुकानात फोन आला, तसा कडूबा निघाला होता.

"वाईट वाटतं," अनंतराव म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटलं. "पण आता अकरा एप्रिल पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षाला फकिरा नाय, साहेब."

अनंतरावांनी चष्मा काढून पुसला. "तुमचं मन मोठं, पहिलवान. त्या दिवशीही मोठंच होतं. हरलात, तरी त्याच्या डोक्याला फेटा तुम्ही स्वतःच्या हातानं बांधलात. मी या डोळ्यांनी पाहिलंय."

कडूबाने मोडका कान खाजवला.

"साहेब, खरं सांगा. तुम्ही कुस्ती पाहिली, का नुसता फेटा पाहिला?"

अनंतरावांच्या हातातला चष्मा हातातच राहिला. त्या दिवशी जत्रेला जाताना आडूळला त्यांची मोटार पंक्चर झाली होती. वीस वर्षांचा नवा बातमीदार धापा टाकत आखाड्यापाशी पोचला, तेव्हा हलगी थांबली होती आणि मातीत फेटा बांधणं चाललं होतं. 'जिंकलं कोण' असं विचारायची त्याला लाज वाटली. त्यानं दोघांची नावं आणि पंचांच्या घड्याळातले सेकंद तेवढे विचारले. फेटा डोक्यावर होता तो फकिरा, बांधत होता तो कडूबा. बाकीचं त्यानं शहाणपणानं जुळवलं.

"आमच्या पाचोडात," कडूबा शांतपणे म्हणाला, "जिंकलेला हरलेल्याला फेटा बांधतो. मान खाली घालून कुणी घरी जाऊ नाय, म्हणून."

कचेरीतला पंखा घरघरत होता. अनंतरावांचा चेहरा पार उतरला.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बातमी आली तवाच येणार व्हतो. लई भडकलो होतो. पण तोवर ती वाचून सासऱ्यानं फकिराला पोरगी दिली व्हती. आता मांडलेला संसार मोडू का? दर जत्रेला यायचा अन् बायकोच्या नकळत माझे पाय धरायचा बिचारा." कडूबा मोकळं हसला. "अन् माझं काय गेलं, साहेब? सारं पाचोड आखाड्याभोवती उभं व्हतं. अजिंठ्याला तेवढा तुमचा पेपरच."

अनंतरावांनी कागद ओढला. जुनी ओळ पुन्हा लिहावी तर आता ते जाणूनबुजून खोटं. खरी लिहावी तर अजिंठ्यातला तो म्हातारा उरतो कुठं? त्यांनी एक कागद फाडला, दुसराही फाडला. तिसऱ्यावर लिहिलेलं कडूबाला वाचून दाखवलं.

"यात एक अक्षर खोटं नाही," ते म्हणाले.

कडूबाने मांडीवर थाप मारली आणि बशीत सांडलेला गार चहा एका घोटात संपवला.

दुसऱ्या दिवशी, तीस वर्षांत पहिल्यांदा, अनंतरावांच्या सदराखाली चौकट आली.

'चूकभूल : कालच्या सदरात पुढील नोंद राहून गेली, याबद्दल दिलगीर आहोत. १९५८ : पाचोडच्या जत्रेत फकिरा व कडूबा यांची कुस्ती अवघ्या नऊ सेकंदांत निकाली. साऱ्या गावासमोर मानाचा फेटा फकिरा यांच्या डोक्याला.'