उंचीचा रकाना

निरोपाचा हार गळ्यातून काढून मुजुमले साहेबांनी खुर्चीच्या पाठीला अडकवला. पोलीस खात्याच्या संगणक विभागाचे प्रमुख म्हणून हा त्यांचा शेवटचा दिवस होता. समोर पुतळाबाई बसल्या होत्या. नवरा बेपत्ता झाल्यापासून गेली नऊ वर्षं दर संक्रांतीनंतर त्या चौकशीला येत.

"मालकांची उंची किती होती हो?" त्यांची तक्रार संगणकावर वाचत साहेबांनी सहज विचारलं.

"चांगले उंच. दारातून वाकून आत यायचे."

"इथे तर पाच फूट पाच इंच लिहिलंय."

"मला इंच कळत न्हाईत, साहेब. हवालदार म्हणाले, रकाना मोकळा ठेवला तर मशीन पुढं जात न्हाई. मग त्यांनीच काहीतरी भरलं."

साहेबांचा हात थांबला. बेपत्ता माणसं आणि बेवारस मृतदेह जुळवून पाहणारी ती प्रणाली त्यांनीच बनवली होती. रकाना मोकळा न सोडण्याचा नियमही त्यांचाच. त्याबद्दल मिळालेलं पदक भिंतीवर होतं.

त्यांनी उंचीची अट काढून पुन्हा शोध घेतला. एकच नोंद आली. शेजारच्या जिल्ह्यात, तक्रारीनंतर चौथ्या दिवशी सापडलेला मृतदेह. उंची सहा फूट. सोबतच्या फोटोत मनगटावर 'पुतळा' गोंदलेलं. अंत्यसंस्कार पोलिसांनीच उरकले होते.

"बाई, चूक माझी आहे," एवढंच म्हणून त्यांनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

बाईंनी फोटोतल्या त्या मनगटावरून बोट फिरवलं. मग पदर सावरून उठल्या.

"रोज दार नुसतं लोटून ठेवायची मी," त्या म्हणाल्या. "आज कडी लावते."