बराकाच्या शेजारची जागा

पाळकसाहेबांनी बायबल मिटलं. म्हणाले, "आज प्रवचन नाही. ज्याच्या शेजारी बसलाय, त्याला घरी जेवायला घेऊन जा."

चर्चमध्ये कुजबुज झाली. सोजरबाईंनी मागं वळून पाहिलं. शेवटच्या बाकावर बराका एकटाच होता. टांझानियातून सोलापुरात इंजिनिअरिंग शिकायला आलेला. दोन वर्षं दर रविवारी यायचा आणि दर रविवारी त्याच्या शेजारची जागा रिकामीच राहायची. त्याच्या काळ्याभोर रंगाकडं लोक वळून बघायचे, बसायचे मात्र पुढं.

सोजरबाई उठल्या. सिव्हिलमध्ये तीस वर्षं नर्स होत्या, गुडघे कुरकुरायचे. सगळ्यांच्या नजरा पाठीवर घेत त्या मागं गेल्या आणि बराकाशेजारी टेकल्या.

शेवटचं गीत सुरू झालं. बराका एकेक मराठी शब्द जपून उच्चारत होता. त्याचा आवाज खोल होता, संथ. सोजरबाईंनी डोळे मिटले. रंगीत काचेतलं ऊन पापण्यांवर आधी निळं, मग तांबडं झालं. बाकं, भिंती, माणसं, सगळं त्या आवाजावर हळूच तरंगायला लागलं. इतकी वर्षं आपण कुठं बसत होतो, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

डोळे उघडून त्यांनी त्याचा चेहरा नीट पाहिला. पहिल्यांदाच. किती कोवळा होता!

"शेंगाची चटणी चालते का रं?" बाहेर पडताना त्यांनी विचारलं.

"तिखट असली तर पळते, आजी."

सोजरबाई खुदकन हसल्या. "मराठी लई गोड बोलतोस की!"

दुपारच्या उन्हात रस्ता पांढराशुभ्र दिसत होता. रविवार म्हणून यंत्रमागांची खडखड बंद होती. दोघं सावलीसावलीनं चालले. सोजरबाईंना वाटलं, आपण जमिनीवर चालतच नाही.

"राहतोस कुटं?"

"लांब. एमआयडीसीच्या पलीकडं. तीन जण एका खोलीत."

"मग माझ्याकडं ये की. वरची खोली मोकळीच हाय. मी एकटी. कुणी काय म्हणंल ते मी बघते."

बराका पिंपळाशी डावीकडं वळला, मग दुसऱ्या बोळात. सोजरबाई त्याच्या मागोमाग. निळ्या फाटकापाशी तो थांबला तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं, वाट आपण दाखवलीच नव्हती.

"तुला कसं रं ठाऊक माझं घर?"

बराकानं फाटक उघडून त्यांच्यासाठी धरलं. आवाज गीतातल्यासारखाच, संथ होता.

"सोलापुरातला माझा पहिला दिवस होता, आजी. खोली विचारायला याच फाटकाशी उभा होतो. तुम्ही खिडकीतून मला पाहिलंत, बाहेर आलात आणि 'खोली भाड्याने देणे आहे'ची पाटी काढून ती आत घेऊन गेलात."