सरांच्या गाडीचा गिअरबॉक्स

आठवड्यात दुसऱ्यांदा गाडीने झेप घेतली, आणि या खेपेला समोर नेमकी नाणं टाकून तांदूळ सडून घ्यायची टपरी होती. कात्सुरागी सर गाडी लावत होते. ब्रेक दाबला होता म्हणे, तरी गाडी हातभर पुढे गेली आणि टपरीचा पत्रा चेपला. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोच्या, सुमिएबाईंच्या, छातीत जी धडधड सुरू झाली, ती घरी येऊन चहा घेतला तरी थांबेना.

"गिअरबॉक्स गेलाय," सर म्हणाले. "एकोणीस वर्षांची गाडी. जायचाच."

सरांनी आमच्या गावच्या शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवलं. त्यांनी उत्तर सांगितलं की पुन्हा ताळा करून बघायची कुणाची छाती नव्हती. सुमिएबाईंनी तर संसारात तेवढी एकच गोष्ट कधी केली नव्हती.

पण गाडीवाचून चालणार नव्हतं. बाईंची मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा घाट उतरून इस्पितळात जायचं, चार तास यंत्राला जोडून घेऊन रक्त साफ करून घ्यायचं. बस बंद होऊन चार वर्षं झाली होती. गाडी थांबली तर बाईही फार दिवस टिकणार नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं. ते बोलत मात्र नसत.

गाडी मुरोताच्या गॅरेजात गेली. मुरोता आता पंचावन्नचा, पण सरांचा जुना विद्यार्थी. त्याने तीन दिवस गाडी ठेवली, दोनदा घाट चढून-उतरून पाहिली, आणि मग पर्सिमॉनची फळं घेऊन सरांच्या दारात येऊन उभा राहिला.

"सर, माझ्या हातात तिने काही केलं नाही."

"तुझ्यासमोर शहाण्यासारखी वागते. वर्गातली वात्रट पोरंही अशीच असायची. तू त्यातलाच."

मुरोता मान खाली घालून हसला. "तुम्ही म्हणताय तर गिअरबॉक्सच असेल, सर."

मग त्याने वाटा सांगितल्या. भंगारात निघालेल्या तसल्याच गाडीचा गिअरबॉक्स बसवायचा, तो स्वस्त पडेल पण किती टिकेल देव जाणे. नाहीतर कारखान्यात पूर्ण खोलून दुरुस्त केलेला मागवायचा, त्याला महिना लागेल आणि खर्चही दणकून. तिसरी वाट त्याने चाचरत सांगितली. गाडी सोडूनच द्यायची. काकूंना इस्पितळात तो स्वतः नेईल, त्याला जमलं नाही तर त्याची बायको.

सुमिएबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठवड्यातून तीनदा दुसऱ्याचा दिवस मोडायचा? आमच्याकडे माणूस मरेल, पण दुसऱ्याला त्रास देणार नाही. त्यांनी वाकून आभार मानले आणि विषय संपवला.

त्या दिवसापासून मात्र त्यांच्या मनात मुरोताविषयी पाल चुकचुकायला लागली. दुरुस्तीला गाडी दिली की गॅरेजवाला तोवर दुसरी वापरायला देतो, ही आमच्याकडची रीत. मुरोताने दिली नाही. सगळ्या गाड्या बाहेर गेल्यात म्हणाला, आणि अंगणात दोन उभ्या होत्या. उलट इस्पितळाच्या दर दिवशी सकाळी स्वतःच दारात हजर, काकू चला म्हणून. कधी म्हणे भंगारातला गिअरबॉक्स मिळाला नाही, कधी म्हणे चुकीचा आला. एवढं गोड वागणारा माणूस काहीतरी साधायला बघतोय, असं बाईंना वाटायला लागलं. आपण कंटाळून गाडी स्वस्तात त्याच्या पदरात टाकावी, एवढाच त्याचा डाव असणार.

सर भंगारातला घ्यायच्या विचारात होते. बाई पहिल्यांदाच नवऱ्यापुढे बोलल्या. "अहो, मला घाटात जीव मुठीत धरून बसवत नाही. चांगलाच घालू या."

आणि गॅरेजात जाऊन त्यांनी मुरोताला तसं बजावलं.

मुरोता बराच वेळ हात पुसत राहिला. "काकू, अजून एकदा विचार करा. मला न्यायला काही जड नाही."

"विचार झालाय."

"सरांशी मी काही बोलू शकत नाही, काकू. तुम्ही…" तो थांबला. सर दारात आले होते.

महिन्याने गाडी तयार झाली. मुरोताने किल्ली दोन्ही हातांनी सरांना दिली आणि बाईंसाठी मागचं दार उघडलं. "आज मागे बसा ना, काकू." बाईंना रागच आला. एवढा खर्च करून घेतला, आणि याचा स्वतःच्याच कामावर भरवसा नाही. त्या पुढे, नवऱ्याशेजारी बसल्या. गाडी वळणाआड जाईपर्यंत मुरोता कमरेत वाकून उभा होता.

घाटात गाडी लोण्यासारखी चालली. एक धक्का नाही, एक खरखर नाही. कितीतरी दिवसांनी बाईंचे खांदे सैल झाले. सरही खुशीत होते. वाया गेलेला पोरगा म्हणत होतो, पण काम चोख केलंन्, म्हणाले.

इस्पितळाच्या काचेच्या दारासमोर नर्स नेहमीसारखी चाकाची खुर्ची घेऊन उभी होती. तिने हात हलवला. सरांनी गाडी हळू केली, आणि गाडीने झेप घेतली. बाईंच्या मांडीवरची पिशवी घसरून खाली गेली. ती धरायला त्या वाकल्या.

"ब्रेक लागत नाहीये," सर ओरडले. "सुमिए, मी दाबतोय, लागत नाहीये."

सर खरंच दाबत होते. सगळा जोर लावून, अगदी तळाला टेकेपर्यंत, त्यांचा पाय ॲक्सिलरेटर दाबत होता.