आत्यांचं नाक

विजयमालानं गवती चहाच्या तेलाचे थेंब तपकिरी बाटलीत सोडले, वर लव्हेंडर टाकलं, करडईच्या तेलात ते घोळवलं आणि बाटली नाकाशी धरली. वास काही आला नाही. कोरोनाच्या तापात वास जो गेला, तो परत फिरकलाच नव्हता. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. वास न येणारी बाई सुगंधी तेलं करून विकते म्हटल्यावर सगळ्या जुळे सोलापूर भागात हसं झालं असतं.

तरी धंदा चालला होता, तो सासूच्या, म्हणजे आत्यांच्या नाकावर. म्हाळसाबाईंचा जन्म मेंढरांत गेलेला. कळपातली आजारी मेंढी त्या अंधारात नुसत्या वासावरून काढायच्या, असं त्यांच्या गावी, मैंदर्गीत, आजही सांगतात. असं नाक घरात आयतं असताना सून ते वाया कशाला घालवेल?

पद्धत ठरलेली होती. बाटली आधी विजयमाला हुंगायची. संशय नको म्हणून कधी कपाळाला आठी घालायची, कधी डोळे मिटून हसायची, जसं सुचेल तसं. मग सहज विचारल्यासारखी ती आत्यांपुढं धरायची. आत्या छाती भरून श्वास घ्यायच्या आणि निकाल द्यायच्या. निलगिरी जास्त झाली म्हणाल्या की सून नवी बाटली भरायची. जमलं म्हणाल्या की लेबल चिकटवायची. गिऱ्हाइकं परत परत यायची. योगवर्ग चालवणाऱ्या सुकन्याताई तर झोपेचं तेल दुसरीकडून घ्यायलाच तयार नव्हत्या.

आणि आता आत्या निघाल्या होत्या. मैंदर्गीला धाकट्या सुनेचे दिवस भरत आले होते.

विजयमालानं आधी त्यांच्या गुडघ्यांची काळजी करून पाहिली, मग एसटीतल्या गर्दीची. धाकटीला माहेरी पाठवायचंही सुचवलं. म्हाळसाबाई लुगडी पिशवीत भरतच राहिल्या.

"येवढी माया आजच कुटनं आली गं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

तेव्हा विजयमालानं अर्धं खरं सांगून टाकलं. "आत्या, तुम्ही गेलात की मला हे सगळं बंद करावं लागेल. तुमच्या नाकाशिवाय माझी एक बाटली जमायची नाही."

म्हाळसाबाईंचे हात थांबले. त्यांनी उठून दार लोटलं आणि सुनेला जवळ बसवून घेतलं.

"कुनाला सांगू नगंस. माजा वास त्या कोरोनातच गेला. लोकं नाकाचं नाव काडत्यात, मग कसं सांगायचं? मी तुज्या तोंडाकडं बघून बोलत हुते. तुला आठी पडली की जास्त झालं, तू हसलीस की जमलं. तवा भ्यायचं न्हाय, पोरी. तुजं नाक लई तिखट हाय."