खाता खाता बघ

"घर बघायला जाल तेव्हा पोटभर जेवून जा. आणि तिथं कुणाचा घासभरही तोंडात घालू नका. मीठ पोटात गेलं की पाय निघत नाही."

नारिनहून निघताना सासूबाईंनी बजावलं, तेव्हा बेगिमाय हसली होती. "एने, घर बघायला चाललोय. मुलगी बघायला नाही."

आता ती आर्चा-बेशिकच्या एका गल्लीत, बंद फाटकासमोर उभी होती आणि पोटात कावळे ओरडत होते. गाडीच्या टपावर अख्खा संसार बांधलेला: रजयांचा ढीग, गुंडाळलेला लोकरी नमदा, सगळ्यात वर धाकट्याचा पाळणा. घरमालक किल्ली आणायला गेला होता.

तशी ही भेट नावापुरतीच. तिचा नवरा कुबात म्हणाला होता, बिश्केकची दोन उपनगरं तरी बघू, म्हणून. तिचं सकाळीच ठरलं होतं. कॉक-झार. डोंगराची हवा, गुळगुळीत रस्ता, जवळच बालवाडी, उंच लोखंडी फाटकं. "इथं कुणाचा कुणाला त्रास नाही," तिथला मालक म्हणाला होता, "फक्त संध्याकाळपर्यंत कळवा." एर्कायिम पाच वर्षांची, आलिनूर दीड वर्षाचा. दोघांच्याही नोकऱ्या, आणि इथं सासूबाई नाहीत. बेगिमायला झोपेतसुद्धा एकच भीती वाटे: मला यायला उशीर झाला, तर पोरांकडे कोण बघेल? कॉक-झारची फाटकं खरंच उंच होती.

एवढ्यात समोरचं दार उघडलं. पांढरा रुमाल बांधलेली एक म्हातारी बाहेर आली. एका हातात तळलेल्या गरम बोरसोकची परात, दुसऱ्या हातात नान.

"आलात का! चूल पेटायच्या आधी शेजाऱ्यांनी खाऊ घालायचं असतं, विसरले नाहीत हो आमच्या गल्लीत. घे."

"अपा, आम्ही राहायला नाही आलो. फक्त बघायला आलोय."

"बघ की. नको कोण म्हणतंय? खाता खाता बघ."

बेगिमायने कुबातकडे पाहिलं. कुबातचं तोंड आधीच भरलेलं होतं. आणि पुढे आलेल्या नानला नाही म्हणायचं तरी कसं? घाई असली तरी तुकडा मोडायचा असतो, हे तिला चालता येण्याआधी शिकवलेलं. तिने नखाएवढा तुकडा मोडला. तेवढाच.

"खाल्लं!" म्हातारी गल्लीभर ओरडली. "सूनबाईनं खाल्लं!"

मग कुठली फाटकं नि काय. एक बाई मटणाच्या कुरदाकची कढईच घेऊन आली. एकीने साय आणली, एकीने चहा, आणि तिसरीने "ती साय आंबट आहे, माझी घे" म्हणत दुसरी साय. एक टकलू गृहस्थ कुबातच्या पाठीत थाप मारून म्हणाले, "खाल्लंत ना? मग शुक्रवारी गल्लीचं जेवण तुमच्याकडे!"

"आमच्याकडे कुठे? आम्हाला घरच नाही!"

"म्हणून तर सांगतोय, घ्या की!"

बेगिमाय एकीला "नको, नको" म्हणेपर्यंत दुसरी ताटात वाढून जायची. मागे टपावरच्या दोऱ्या सुटत होत्या. "रजया कोंदट झाल्यात गं, उन्हात टाकते," कुणीतरी म्हणालं. मालकाची किल्ली यायच्या आधी पाळणा भिंतीवरून पलीकडे अंगणात गेला. आलिनूर या कडेवरून त्या कडेवर असा फिरत होता, आणि त्याच्या दोन्ही मुठींत बोरसोक होते.

बेगिमायला हसू आवरेना. मग सवयीने तिची नजर पोरं मोजायला गेली. एक. एकच.

"एर्कायिम?"

गाडीत नाही. गाडीखाली नाही. तिच्या हातातली वाटी पडली.

"माझी पोरगी कुठाय?"

"इथंय!" डावीकडच्या फाटकातून आवाज आला.

"आत्ता माझ्याकडे होती, हात धुऊन दिले!" उजवीकडून.

"माझ्या नातीची चप्पल घालून पळतेय!" टकलू गृहस्थ.

"दुसरा घास खात नाही ती, लाडावून ठेवलीय!" वरच्या खिडकीतून, रागावून.

बेगिमाय रस्त्यातच मटकन खाली बसली आणि हसत सुटली. हसता हसता डोळे पुसू लागली. कुबात धावत आला. "काय झालं गं?"

"काही नाही. कॉक-झारला फोन लाव."

मालक किल्ली घेऊन आला, तेव्हा भिंतीवर त्यांच्या रजया वाळत होत्या आणि अंगणात पाळणा हलत होता. त्याने हातातल्या किल्लीकडे पाहिलं. "मग मी ही कशाला आणली?"

तिने सासूबाईंना फोन केला. "एने, मी खाल्लं."

पलीकडे त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "मीही नारिनला घर बघायलाच आले होते गं. कुबात पोटात होता."

शुक्रवारी गल्ली जेवली. भांडी विसळताना बेगिमायने म्हातारीला विचारलंच, "अपा, खरं सांगा. आम्ही राहायला आलोय असं वाटलं होतं तुम्हाला?"

"छे! मालक तेव्हा नुकताच किल्ली आणायला गेलेला दिसला की मला. राहायला आलेल्यांना काय, उद्याही वाढता येतं. बघायला आलेले निघून जातात."

हे ऐकल्यापासून बेगिमायला चैन नाही. कॉक-झारचा मालक फोनवर म्हणाला होता, "हरकत नाही, दुसरं कुटुंब तयार आहे. त्यांचीही दोन लहान मुलं आहेत. शांतता बघून खूश झालेत." तिने कुबातला दोनदा तिकडे पिटाळलं, पण फाटक कुणी उघडलं नाही. त्या बाजूला जाणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते, तसं तुम्हालाही सांगतेय: निळं फाटक, समोर अक्रोडाचं झाड. जरा बघून या त्या दोन पोरांच्या आईला. रिकाम्या हाताने जाऊ नका. ती आतूनच म्हणेल, "नको, आमचं सगळं ठीक आहे."

म्हणा, "नको म्हण की. खाता खाता म्हण."